बारा फुटी फळी

माझ्या नव्या फळीचं तुम्हाला सांगितलंच नाही ना? गुडघ्याच्या ऑपरेशननंतर माझं सर्फिंग सुटल्यातच जमा होतं. छोट्या फळीवर मी उभी राहीपर्यंत लाट संपायची. माझा शाळासोबती सलीम फायबरच्या होड्या बनवतो. त्याला म्हटलं, "बारा फुटांची फळी कर. लाट फुटायच्या आधीच धरता आली पाहिजे."

"त्यापेक्षा होडीच घे गो."

तरी केलीन त्याने, पुढे रुंद, मागे निमुळती.

ती घेऊन भाट्याच्या किनाऱ्यावर गेले, त्या सकाळी जेमतेम गुडघाभर लाट होती. मी हात टेकत सावकाश उभी राहिले. फळी आवाज न करता सरकत राहिली. पाण्याखालची वाळू मागे मागे जात होती, आणि गुडघा आठवलाच नाही.

सलीम किनाऱ्यावरच होता. "काय करत होतीस एवढा वेळ?"

"काही नाही. नुसती उभी होते."

"मग उतरलीस कशाला?"