कॅसेटच्या दुसऱ्या बाजूबाबत

विषय : 'कडकडाट म्युझिकल ग्रुप, भिवंडी' यांच्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूविरुद्ध सन १९८७ मध्ये केलेली तक्रार मागे घेण्याबाबत.
संदर्भ : सदर तक्रार. मसुदा माझा.

...आणि आता हेच लोक मला विचारतात, भाऊसाहेब, ते पत्र नेमकं लिहिलं कोणी हो? विचारतात कोण, तर ज्यांनी त्यावर सह्या ठोकल्या ते. तुम्हाला सांगतो, रघूच्या कॅसेटच्या दुकानाबाहेर संध्याकाळी पाच-सहा जण जमतात, पोट सुटलेले, केस गेलेले, एकेकाळचे कडकडाटचे भक्त, आणि विषय एकच... ती दुसरी बाजू. एक म्हणतो, "काळाच्या पुढे होता लहानू." दुसरा म्हणतो, "दूसरी साइड म्हणजे क्या चीज थी, पण लोकांना समजली नाय." लोकांना. म्हणजे हे लोक नव्हेत, हे तेव्हा बहुधा विलायतेत होते. आणि मग रघू गल्ल्यावरून म्हणतो, "कुणा कारकुनानं पत्र लिवलं न् बेंजो पार्टी बसली." मी चहाच्या कपात बघतो. कपात काही नसतं, चहा कधीच संपलेला असतो, पण अशा वेळी बघायला कप बरा पडतो. कारण मसुदा माझा.

आता कडकडाट म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारा कुठून सुरू झाला. आमच्या वस्तीतला लहानू, यंत्रमागाचा, म्हणजे लूमचा मिस्त्री. चाळीस लूमचा कारखाना, पण कुठला लूम बिघडलाय हे तो बाहेर रस्त्यावरून, बिडी ओढता ओढता, नुसत्या आवाजावरून सांगायचा. हा लहानू बेंजो वाजवायचा. बेंजो म्हणजे टाइपरायटरसारख्या कळा असलेलं तारांचं वाद्य. मी जन्मभर टाइपरायटर बडवला, त्यातून 'वरीलप्रमाणे' आणि 'आपला विश्वासू' यापलीकडे काही निघालं नाही, आणि हा माणूस तशाच कळा दाबून अख्खी मिरवणूक नाचवायचा. बेंजोला त्याने वीज जोडली, मोठा भोंगा लावला, दत्तू ढोलावर, बाळाराम कीबोर्डवर, आणि भीमजयंतीच्या मिरवणुकीत असा काही गोंगाट व्हायचा की मुंबईला कॉलेजात जाणारं एक पोरगं म्हणालं, याला रॉक म्हणतात. रॉक तर रॉक. आम्ही कोन गावापासून खारबावपर्यंत हळदी, बारशी, जयंत्या, जिथे कडकडाट तिथे आम्ही, बोलावणं असो नसो. मी तर मानाचा भक्त. लहानू मला भाऊ म्हणायचा. पहिली कॅसेट निघाली तेव्हा तिच्या वेष्टनावरचा मजकूरसुद्धा माझा होता. तोही मसुदा माझा, पण त्याची आठवण कोणी काढत नाही.

मग आली सत्त्याऐंशीची दुसरी कॅसेट. पहिली बाजू ठीक, चार गाणी, धडाधड. दुसऱ्या बाजूला गाणं नाही, ढोल नाही, बावीस मिनिटं नुसते लूम. खटक् खटक् खटक् खटक्... लहानू दोन महिने टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन कारखान्यात बसला होता, शेठ वैतागून म्हणालासुद्धा, "क्या लहानू, मशीन का फोटो निकालता है क्या आवाज में?" कॅसेट माझ्या हातात देताना लहानू म्हणाला होता, "भाऊ, दुसरी बाजू दमानं ऐका. नाचाची न्हाय ती." मी म्हटलं, ऐकतो. आणि कॅसेट ठेवली कपाटात, वाचायच्या पुस्तकांच्या शेजारी. तिथे आधीच बरीच पुस्तकं वाचायची होती.

इकडे लोक काय म्हणाले ते ऐका. कोनला लडकूच्या घरी हळद होती, कोणीतरी हौशीने दुसरी बाजू लावली, शंभर माणसं हात वर करून उभी राहिली, आता सुरू होईल, मग सुरू होईल... लडकू म्हणाला, "आरं, दिसभर लूम, रातचा लूम, आता हलदीत पन लूम?" दुसऱ्या दिवसापासून रघूच्या दुकानासमोर कॅसेट परत करायला रांग. "आमच्याच भिंतीचा आवाज आम्हाला विकला," असं म्हणत होते. आणि त्यांचं चुकत होतं का? आमच्या वस्तीत भिंतीला कान लावायची गरज नाही, पलीकडे कारखाना, त्याच्या पलीकडे कारखाना, बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या. लूम थांबायचे ते लाईट गेल्यावर, आणि लाईट गेली की टेपही बंद. म्हणजे त्या कॅसेटवर लूमखेरीज काही असेलच, तर ते भिवंडीत बसून कोणाला ऐकू येणार होतं? पण हे मला कधी सुचलं? अकरा वर्षांनी. तेव्हा काय सुचलं? मसुदा.

वस्तीच्या मंडळाची सभा भरली. लहानूने आपली थट्टा केली, अशी भावना. कोणी म्हणालं, जाब विचारा, कोणी म्हणालं, जयंतीला दुसरी पार्टी आणा. मग सगळ्यांच्या माना माझ्याकडे. "भाऊसाहेब, तुम्ही लिवा, तुमची मराठी चांगली हाय." तुम्हाला सांगतो, माणसाला बुडवायला एवढं पुरतं. मी सरकारी कचेरीत एकतीस वर्षं आवक-जावक पाहिली. कागद आला की 'अवलोकन केले' लिहायचं, कागद न बघता, ही हाताची सवय, त्यात पाप वगैरे काही वाटत नसे. त्याच हाताने मी लिहिलं : "सदर कॅसेटची दुसरी बाजू आम्ही लक्षपूर्वक ऐकली असता ती श्रवणीय नसल्याची आमची खात्री झाली आहे. तरी सदर प्रकाराबद्दल आपण दिलगिरी व्यक्त करावी व पुढे असे वादन करू नये." वाचून दाखवलं तेव्हा टाळ्या पडल्या. 'खात्री झाली आहे' ला तर दोनदा. दोनशे बारा सह्या, त्यांत एकोणीस अंगठे, आणि सगळ्यांत वर माझी, लफ्फेदार.

पत्र घेऊन मीच गेलो. लहानूने उभ्याने वाचलं, त्याची बायको मंदा दारात. पोच दे म्हटलं, तर त्याने पोच दिली. मग एवढंच विचारलं, "भाऊ, तुमी आयकली?"

मी काय म्हणालो असेन?

मी म्हणालो, "तसं लिहिलंय ना."

झालं. त्या वर्षीच्या जयंतीला दुसरी पार्टी आली. दत्तू रिक्षा चालवायला लागला, बाळारामने कीबोर्ड विकला. लहानूने बेंजो मांजरपाटाच्या तुकड्यात गुंडाळून माळ्यावर टाकला तो टाकलाच. रस्त्यात भेटला की जयभीम घालायचा, मीही घालायचो, पण भाऊ म्हणणं बंद. अकरा वर्षं. मी म्हणायचो, कलावंत माणूस, तिरसट असायचाच.

आता गुडघ्यांमुळे काय होतं बघा. निवृत्त झालो, गुडघे धरले, तेव्हा आमच्या सौभाग्यवती, शेवंता, म्हणाल्या, अकलोलीला जाऊ, गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसा. गेलो. भर दुपार, कुंडावर आम्ही दोघंच, पाणी असं की पायांची भाजी होते. शेवंताने सेलवर चालणारा टेप आणला होता, आणि कपाटातून कुठलीतरी कॅसेट उचललेली. पहिली बाजू वाजली, धडाधड. मी म्हटलं, अरे, ही तर आपल्या कडकडाटची. बाजू संपली, तिने उलटी करून लावली, आणि कारखाना सुरू झाला. मी म्हटलं, बंद कर ते. ती म्हणाली, "माझे हात तेलाचे आहेत. उठा आणि करा." आता उठणार कसा? गुडघे आत्ताच कुठे सैल पडलेले. बसलो ऐकत. लाचारीने, तुम्हाला सांगतो, लाचारीने मी ती बाजू पहिल्यांदा ऐकली.

चाळीस लूम चालू असतात. मग एक थांबतो. काही कळत नाही. मग आणखी एक... मग कोपऱ्यातले दोन. भिवंडीचा माणूस आहे मी, मला कळायला लागलं की हा कारखाना हळूहळू बंद होतोय, आणि लूमच्या मागून काहीतरी येतंय, झाडूचा आवाज, हंड्यात पडणारं पाणी, कोणाचं तरी पोर पाढे म्हणतंय, सतरा सातेला अडखळतंय. शेवटचा लूम थांबतो. आणि मग बेंजो. भोंगा नाही, वीज नाही, नुसती बोटं. आठ मिनिटं. आमची वस्ती होती ती. लूम नसते तर कशी ऐकू आली असती, ते त्या माणसाने दोन महिने मांडीवर टेप घेऊन गोळा केलं होतं, आणि ते आम्हाला दिलं होतं, आणि आम्ही... आम्ही कशाला, मी. मसुदा माझा.

शेवंता म्हणाली, "रडताय का?" म्हटलं, पाण्याची वाफ गेली डोळ्यांत. ती म्हणाली, "वाफ गालावरनं वाहत नाही."

परत आलो तर कळलं, मी एकटा शहाणा झालेलो नाही. जो जो भिवंडी सोडून गेला, कोणी बदलीवर, कोणी आखातात, कोणी बायकोच्या गावी, त्या प्रत्येकाने कधीतरी शांत जागी ती बाजू ऐकली होती आणि चाट पडला होता. त्यांच्याकडून कॅसेटच्या नकला फिरत फिरत रघूच्या दुकानात आल्या, आणि आता जयंती कमिटीला वाटतंय की यंदा लहानूने हॉलमध्ये दुसरी बाजू वाजवावी. विचारायला कोण जाणार? सगळ्यांच्या माना पुन्हा माझ्याकडे.

गेलो. कमिटीसाठी नव्हे, खरं सांगतो. मला त्याच्या तोंडून एकदा भाऊ ऐकायचं होतं. लहानूची आता साठी, कान मात्र शाबूत. मी म्हटलं, "लहानू, चुकलं माझं." तो म्हणाला, "बसा." मंदाने पाणी दिलं. मी पुन्हा म्हटलं, चुकलं, मी ऐकली नव्हती रे. तो उठला, पत्र्याच्या पेटीतून प्लास्टिकच्या पिशवीतला कागद काढला. माझं अक्षर. अकरा वर्षांत शाईसुद्धा उडाली नव्हती, चांगली शाई वापरायचो मी.

"तवा लेखी आलं होतं, सावळारामजी," लहानू म्हणाला. "आता तोंडी?"

"लेखी देतो."

"दोनशे बारा सह्या होत्या."

"आणतो."

"आन् आयकल्याबिगर सही न्हाय घ्यायची कोनाची."

सावळारामजी. इतका मान मला कचेरीतही कोणी दिला नव्हता.

मग मी निघालो सह्या मागे घेण्याच्या सह्या गोळा करायला. काय सांगू. चाळीस-बेचाळीस जण वारलेले, पन्नासेक गाव सोडून गेलेले, आणि उरलेल्यांपैकी एकानेही सही केलेली नाही. "माझी सही? मी तर तवाच बोललो होतो, ही साइड भारी हाय." लडकू म्हणाला, "आमच्या हलदीत? आमच्या हलदीत तर लोक रडले ती आयकून." जानकीबाईंनी अंगठा पुढे करून दाखवला, म्हणाल्या, "बगा, हा असा. ह्यो न्हाय त्या कागदावं." आता मूळ कागद दाखवावा तर तो लहानूच्या पेटीत, तो देत नाही. आणि स्थळप्रत? एकतीस वर्षं प्रत्येक चिठोऱ्याची स्थळप्रत ठेवणाऱ्या माणसाने त्या पत्राची ठेवली नव्हती. म्हणजे आज भिवंडीत त्या पत्रावर पुराव्यानिशी एकच माणूस आहे. मी रघूला म्हटलं, तू तरी. रघू म्हणाला, "भाऊसाब, मेरे को क्यों फंसाते हो, आपने ही तो लिखा था." म्हणजे माहीत होतं लेकाला.

शेवटी अर्ज केला. एका सहीचा. शेवंता म्हणाली, मी पण करते. म्हटलं, तू मूळ तक्रारीत नव्हतीस. ती म्हणाली, "म्हणूनच." नेऊन दिला. लहानूने पोच दिली, माझ्यापेक्षा नीटनेटकी.

आठ दिवसांनी अर्ज परत. वर लाल शाईने शेरा : "अर्जदाराने बाजू आयकली असल्यास चवदाव्या मिन्टाला काय हाय ते लिवावं."

त्रुटी काढली हो त्याने. मी जन्मभर लोकांच्या अर्जांत त्रुटी काढल्या, पण अशी एकही सापडली नव्हती. घरी आलो, दारं-खिडक्या लावून, डोक्यावर गोधडी घेऊन, टेप कानाला लावून बसलो. शेवंता म्हणाली, आता वेड लागायचं तेवढं राहिलंय. चौदाव्या मिनिटाला काय आहे म्हणता? काही नाही. शेवटचा लूम थांबलाय आणि बोट अजून तारेवर आलेलं नाही. एवढंच असतं तर मी 'निरंक' लिहून मोकळा झालो असतो. पण तिथे, अगदी बारीक, लहानू श्वास घेतो. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर माणूस घेतो तसा. ते मी लिहिलं. सरकारी मराठीत ते बसेना, चार कागद फाडले, मग साध्या मराठीत लिहिलं. मसुदा माझा, आणि पहिल्यांदाच मजकूरही माझा.

तीन तारखेला उत्तर सादर केलं. लहानू घरात नव्हता, मंदाने घेतलं. तेव्हापासून रोज जातो. ती दारातच सांगते, "साहेब भाईर गेल्यात. उद्या या." आतून कोणीतरी खोकतं. मला ती कचेरीची पद्धत माहीत आहे, मी वाद घालत नाही. जयंतीला सव्वा महिना आहे. बेंजो माळ्यावर आहे. अर्ज प्रलंबित आहे.