'ठीक ना?' विचारू नकोस

हॅलो?… हो, हाच नंबर. कोण बोलतंय?… माजी सैनिकांच्या दवाखान्यातून? अगं, जरा हळू बोल, बाळा. पाढे म्हणून पळ काढणाऱ्या पोरांसारखं नको. हं, आता सांग.

…छातीच्या डॉक्टरांकडे? सोमवारी?… नाही, ऐकू आलं. सगळं ऐकू आलं.

…अगं ऐक ना. ते नाहीत… बाहेर नाही गेलेले. गेले. गेल्या महिन्यात… हो, मी त्यांची बायको.

…हॅलो? आहेस ना?… रडू नकोस. तुझी काय चूक?… पहिलाच दिवस? म्हणजे दवाखान्यात माणसं वाढवायच्या त्या नव्या कायद्याच्या भरतीतली तू?… आणि नर्सही आल्या? डॉक्टरही?… चांगलं झालं. खरंच. त्या विधेयकाची चर्चा चालायची तेव्हा हे रेडिओला कान लावून बसायचे. म्हणायचे, 'तेही माझ्यासारखंच बाकावर बसलंय, नाव कुणी पुकारत नाही.' मंजूर झालं त्या दिवशी फोन उशाशी ठेवायला लावला मला.

…हो, हो… नाही गं, त्यांची तक्रार नव्हतीच. तीच तर अडचण. एकटी नर्स अख्खा मजला सांभाळायची. लांबूनच विचारायची, 'ठीक ना?' हे ताठ बसून म्हणायचे, 'ठीक.' की ती पुढे. ठीक असलेला माणूस रांगेत मागे जाणारच… पलटणीत तसंच वळण लागलेलं ना. पायात गोळी असली तरी 'ठीक'. बायकोलाही 'ठीक'च.

…म्हणून सांगते, तू 'ठीक ना?' विचारू नकोस… लिहून नको घेऊस, ध्यानात ठेव. विचार, जिन्यात कुठे थांबता? रात्री आडवं झोपता येतं, की बसून काढता? त्याला 'ठीक' हे उत्तरच होत नाही… हं. शाळेत शिकवताना मी तेच करायचे. 'समजलं का?' विचारलं की सगळा वर्ग 'हो' म्हणतो.

…सोमवारची वेळ? रद्द नको करूस. यांच्या शेजारी बसायचे ना, ते बिगुलवाले… हो, तेच, खोकणारे. त्यांच्याही नावापुढे 'ठीक' असेल. मानू नकोस, ही वेळ त्यांना दे. त्यांना विचार, बिगुल शेवटचा कधी वाजवलात?… तुला अधिकार नाही? मग ज्याला आहे त्याला जाऊन विचार. मी थांबते.

…

…हं, आहे मी… दिली? त्यांनाच?… बरं. बरं झालं.

…मी? मी ठीक आहे गं.

…काय विचारलंस?

…जिन्यात?… थांबते. दर वळणावर थांबते. दम नाही लागत मला. हे थांबायचे ना तिथे… पाय आपले थांबतात.

…शहाणी आहेस. लवकर शिकलीस… ठेवते आता. बाकावर माणसं बसली असतील. नावं पुकार त्यांची.