मॅडमचा पांढरा चहा

सिंदेवाहीच्या बसस्टँडवर माझ्या पाठीमागच्या बाकावर दोघी मायलेकी बसल्या होत्या.

“दिव्यानी, तुह्या मॅडमनं चहा देल्ला का नुसतं गरम पानी?”

“पांढरा चहा होता तो, आई. चीनमधला. फुजियान म्हणून भाग आहे, तिथला.”

“पांढरा कुठी? पिवळट त होता.”

“कळीवर पांढरी लव असते, म्हणून पांढरा. कळी उघडायच्या आधीच खुडतात अन् नुसती वाळवतात.”

“म्हणजे धान पोटरीत असतानाच कापल्यावानी. गोडसर लागला पण.”

“मग दूध काऊन मागितलं? अन् बशीत ओतून भुरके मारले!”

“मले काय मालूम? कोणी सांगतलं असतं त तसाच पेली असती.”

“मले इतकी लाज वाटली ना!”

“दिसलं मले. म्हणून त तू मॅडमले म्हणली, ह्या शेजारच्या काकू आहेत.”

“तू त हात धुवाले गेली होती.”

“मोरी काही लांब नव्हती.”

“आई... मग तिथंच बोलली काऊन नाई?”

“तुही नोकरी नवी हाय. निघताना मॅडम मले म्हणल्या, पुढच्या वेळी दिव्यानीच्या आईलाही घेऊन या.”

“मग?”

“म्हटलं, सांगीन तिले.”