एकच सूत्र, सात ठिकाणी

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील डॉक्टर मंडळी, आजच्या सत्कारमूर्ती मालन सिस्टर आणि परळच्या या रुग्णालयातील माझ्या सहकाऱ्यांनो,

परिचारिकेच्या निरोपाला संगणक विभागाच्या प्रमुखाने का बोलावे, असे आपल्या मनात आले असेल. कारण सांगतो.

आपल्याकडे औषधाची मात्रा संगणक काढून देतो. त्या प्रणालीत एकच सूत्र सात ठिकाणी उतरवलेले होते. आमच्या व्यवसायात अशा खुणेला कोडचा वास म्हणतात. बिघाड अजून दिसत नसतो, पण आत काहीतरी नासू लागलेले असते. माझी सहकारी दर्शना तीन वर्षे सांगत होती की बाहेरचे काम तेच ठेवून आतली मांडणी नीट करू, प्रत्येक सूत्र एकाच जागी आणू. यालाच रिफॅक्टरिंग म्हणतात. मी म्हणत असे, चालते आहे ना, मग हात लावू नका. दर खंडेनवमीला सर्व्हरला कुंकू मात्र स्वहस्ते लावत असे.

मालन सिस्टर वरळी कोळीवाड्याच्या. त्या प्रत्येक मात्रा कागदावर पुन्हा मांडत. एकदा मी हसलो, तेव्हा म्हणाल्या, "साहेब, आमच्यात कल्ला उघडून ताजं हाय का बघितल्याशिवाय पापलेट घेत नाय. तुमच्या मशीनचा कल्ला कुठं असतो, सांगा."

गेल्या चैत्रात माझी पत्नी कमल येथे दाखल होती. तिची मूत्रपिंडे थकली होती. अशा रुग्णांसाठीचे सूत्र डॉक्टरांनी वर्षभरापूर्वीच बदलून दिले होते. आम्ही सहा ठिकाणी सुधारले, सातवे राहिले. पडद्यावर तिप्पट मात्रा आली. सिस्टरांनी सुई खाली ठेवली, मला बोलावले आणि एवढेच विचारले, "हे तुमचं गणित. वहिनींना देऊ?"

कमल गेली ती आजारानेच, पण दोन महिन्यांनी. ते दोन महिने सिस्टरांनी दिले. त्यांचे आभार कोणत्या शब्दांत मानावेत, मला ठाऊक नाही.

सातवे ठिकाण त्याच दिवशी सुधारले. मग दर्शनाने शोध घेतला. इतर सूत्रांच्या अशाच चाळीस प्रती सापडल्या. त्यांतली कोणती जुनी, कोणती सुधारलेली, हे आज मीही सांगू शकत नाही. काम सुरू झाले आहे. चार महिने लागतील. सिस्टर आज निवृत्त होत आहेत.

आपण शांतपणे ऐकलेत, मी ऋणी आहे. समारंभाला न शोभणारे काही बोललो असेन, तर पदरात घ्यावे. अध्यक्ष महोदय, आपण आसन सोडण्यापूर्वी एवढे मात्र ठरवावे: उद्या सकाळच्या पाळीत मात्रा कागदावर कोण मांडणार?