पाटणकरांना वर ओढताना

विचारलंत म्हणून सांगतो, पुरात हेलिकॉप्टर चालवताना मला पाण्याची जेवढी भीती वाटली नाही, तेवढी एकदा एका पुणेकराची वाटली.

कृष्णाकाठच्या एका गच्चीवर कसबा पेठेतले पाटणकर आणि त्यांची बायको अडकले होते. लेकीकडे राहायला आलेले. लेक-जावई होडीतून निघून गेले. हे मात्र "उतरेल हो पाणी" म्हणत थांबले, आणि पाणी कठड्याला लागलं. आमचं इंधन संपत आलेलं. जवान दोरावरून खाली उतरला. तिथे काय झालं ते नंतर त्यानेच सांगितलं.

"हा पट्टा चुकीचा बांधलाय," पाटणकर म्हणाले.

"बरोबर आहे आजोबा, चला लवकर."

"कोण म्हणतं बरोबर? आधी हिला न्या. मी इथून बघतो."

बाईंना वर घेतलं आणि जवान पुन्हा खाली पोहोचला, तोच गच्चीचा कोपरा खचला. जवानाने वाद न घालता पाटणकरांना पट्टा अडकवून घट्ट मिठी मारली आणि दोघेही हवेत लटकले.

हेलिकॉप्टरच्या दारापाशी माझा सहकारी साळवी दोर वर घेत होता. बाई त्याच्या कानाशी ओरडून काहीतरी सांगत होत्या. मी हेडफोनवर विचारलं, "घाबरल्यात का रे त्या?"

"नाही सर," साळवी हसू दाबत म्हणाला. "म्हणतायत, जरा सावकाश ओढा. लग्नानंतर हे पहिल्यांदाच इतके गप्प बसलेत."