बोगद्यावरचा बाप

नाय दादा, उठू नका, गाडीला अजून वेळ हाय — एवढा फोटो बघून ठेवा ना. काशिराम नाव, माझा बाप, सत्तरीचा. काल सकाळी चढला, याच पनवेलच्या फलाटावरनं. तुमी चिपळूणला जाताय ना? मग रोहा, माणगाव, वीर, खेड — गाडी थांबंल तिथं बाकड्यांवर नजर टाका, कुणी म्हातारा एकटा दिसला तर... पोलिसांत? दिलंय हो, शोधतायत.

डोक्यात काय राहिलं नाय त्याच्या. पण ही लाइन विचारा! रोह्यापर्यंतची जुनी, पुढची आमी घातली, म्हणतो. एका अंगाला सह्याद्री, दुसऱ्या अंगाला खाड्या — एक डोंगर फोडला की लगेच नदीवर पूल, की परत डोंगर. रत्नागिरीच्या अलीकडं बोगद्यावर कामाला होता, सहा वर्षं. कापलेली लाल माती पावसात परत खाली यायची, परत उपसायची. आणि इकडं शिरढोणला मी, एवढीशी. गणपतीत यायचा, पाच दिवस, बस. आई गेली तेव्हा तिसऱ्या दिवशी पोचला. आता आठ वर्षं माझ्याकडं हाय, मीच भरवते, मीच धुते — आणि मला काय म्हणतो? बाई! ‘बाई, साहेबांना सांगा, बोगद्यात पाणी लागलंय, मला जायला पायजे.’ दिवसातनं पन्नास वेळा. दार बडवतो. परवा तर मला ढकललंन, हे बघा कोपर.

चुकून चढला का, म्हणता? चुकून कसला? म्हणजे... मी चहा आणायला गेले, तेवढ्यात चढला — पोलिसांना तेच सांगितलंय. पण मीच चढवला, दादा. खिडकीशी बसवला, मांडीवर डबा ठेवला, म्हटलं, जा, तुझ्या बोगद्यात जा एकदाचा. गाडी हलली तर हसला माझ्याकडं बघून, खूश झाला हो! मी धावले — धावले मी, पण दार पुढं निघून गेलं. असं बघू नका माझ्याकडं.

थांबा, फोन... हां, भामाच बोलते. माणगाव ठेसन? जिवंत हाय? काय म्हणतो?... परत सांगा... पोरीची शाळा सुटंल, पनवेलची गाडी दाखवा? कालपासनं हेच?... नाय, नाय, ती पोरगी — मीच ती. धरून ठेवा त्याला, साहेब, सोडू नका. निघाले.

ही तुमची गाडी माणगावला थांबते ना? मग मी पण येते, चढा तुमी, चढा. आणि माझ्याशेजारी नका बसू, दादा, सगळं सांगून बसले तुमाला.