नीरूची खाज आणि घरभर डॉक्टर

...आणि वर मलाच विचारतात, "पोरीला खायला काय घातलंस गं?" काय घालणार मी, विंचू? वरणभात खाते हो माझी नीरू! तीन वर्षांची पोर, कोपरांच्या आत, गुडघ्यांच्या मागे लाल चट्टे, बिचारी बसल्या जागी करकरा खाजवतेय, आणि अख्खं माधव नगर माझ्या स्वयंपाकाची जाँच करतंय! तुम्हाला सांगते, आमच्याकडे ना, डॉक्टर सोडून सगळे डॉक्टर!

शेजारच्या मीनाकाकू दारातूनच, "अगं मानसी, ही तर गर्मी निकल रही है! निकलने दो!" निकलने दो? उन्हाळा गेला, पाऊस गेला, थंडी आली... एवढ्याशा पोरीतून अजून किती गर्मी निघायचीय? आणि लगेच आपल्या नातवाला मागे ओढतात, "दूर बैठ, लग जाएगा!" अहो, एक्झिमा आहे तो, नाही लागत कुणाला! पण ऐकतंय कोण?

बरं, काकू तरी दारातच थांबतात. आमचे सासरे, भय्यासाहेब, ते तर घरातच! वीज मंडळातून रिटायर झालेले इंजिनियर. माणसाला समजा ताप आला, तरी म्हणणार, "लोड जास्त झालाय." दवाखान्यातल्या डॉक्टर सायलींनी मलम दिलं, ते आणलं, तर ह्यांनी चष्मा लावून डब्यातला कागद काढला आणि ओरडले, "स्टेरॉइड! सूनबाई, पोरीला पहलवान बनवायचंय का?" झालं! ट्यूब गेली त्यांच्या कपाटात, चावी त्यांच्या जानव्याला! आणि रामघाटावरच्या कुणा मित्राने सांगितलं म्हणून कडुनिंब, हळद, लिंबू वाटून लेप! फाटलेल्या कातडीवर लिंबू! मी नको नको म्हणतेय, तर आमचे सौमित्र, म्हणजे माझे मिस्टर, पेपरातून डोकं न काढता, "करू दे गं, बडे हैं." बडे हैं! अहो, जळतंय तिला ना!

चार दिवसांत पोरीच्या चट्ट्यांतून पिवळं पाणी यायला लागलं. फ्रॉक चिकटायचा अंगाला. सोडवताना अशी किंचाळायची की... जाऊ दे. त्या दिवशी मी कुणाला विचारलं नाही. उचलली पोर, बसले ऑटोत, गाठला दवाखाना.

डॉक्टरांनी बघितलं, इन्फेक्शनचं औषध दिलं, आणि शांतपणे विचारलं, "अंघोळ कोण घालतं? मलम कोण लावतं? त्या सगळ्यांना शनिवारी घेऊन या. आईवडिलांचा वर्ग असतो आमच्याकडे." मी म्हटलं, मॅडम, सगळ्यांना आणायचं तर बस करावी लागेल! कारण आमच्याकडे डॉक्टर सोडून सगळे डॉक्टर!

पण भय्यासाहेब आले. कशाला? तर डॉक्टरला सुधारायला! पहिल्या रांगेत बसून बोट वर, "मॅडम, हे रोग को दबाना नहीं हुआ?" डॉक्टर म्हणाल्या, "काका, आग लागली की आधी विझवायची. हे मलम आग विझवतं. मी सांगीन तितके दिवस, सांगीन तितकंच. मग रोजचं साधं क्रीम, अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच, भरपूर. घासायचं नाही, उटणं नाही, लिंबू तर नाहीच. आणि पूर्ण जाईल असं नाही म्हणत मी. परत उठेल, परत सांभाळायचं." मग म्हणाल्या, "या, तुम्हीच लावून दाखवा क्रीम."

भय्यासाहेबांनी करंगळीने एवढंसं घेतलं. डॉक्टर म्हणाल्या, "काका, टिळा नाही लावायचा! लोणी थापतो तसं थापा." सगळे हसले, मी सगळ्यात जास्त. ते हात पुढे करतात तोच नीरूने दोन्ही हात फ्रॉकमागे लपवले आणि म्हणाली, "आजोबा नको... आजोबा जाळतात."

 तुम्हाला सांगते, भय्यासाहेब खाली जमिनीवर बसले, धोतर सावरायचंही भान नाही. आधी स्वतःच्या हाताला क्रीम थापलं. "बघ, नाही जळत. आजोबा चुकले गं." बऱ्याच वेळाने एक हात बाहेर आला. एकच. दुसरा तिने घरी येईपर्यंत दिला नाही.

चट्टे उतरले आता. मधेच उठतात, पण आम्हाला कळतं काय करायचं. आणि भय्यासाहेब? मला वाटलं, सुटले मी! कसलं काय! आता सकाळी फिरायला जातात तर वाटेत दिसेल त्या आईला थांबवून, "बहनजी, अंग पुसता का टिपता?" मीनाकाकूंची तर दारातच परीक्षा घेतली, त्या हल्ली मागच्या जिन्याने जातात!

परवा माझा हात कुकरच्या वाफेने भाजला. नळाखाली धरला, तर हे खुर्ची ओढून बसले समोर, "सूनबाई, आधी कातडीची रचना समजून घ्या..." घेतली हो समजून! काय करता? नळाचं पाणी गेलं, भय्यासाहेब मात्र चालूच होते.